निनावी अभिप्राय

६ जानेवारी २०२५, सोमवार

वारज्यात आले एकदाची! मांजरीहून रोज जायचं-यायचं म्हणजे सगळं पुणं दोनदा ओलांडायचं, त्यात स्वारगेटला बस बदलताना अर्धा जीव जातो. आप्पा शेवटी कबूल झाले. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एक कॉट, एक टेबल, भिंतीत कपाट. खिडकीतून हायवे दिसतो आणि त्याच्या पलीकडे डोंगराचा एक तुकडा. आईनं आल्या आल्या ओटा पुसून घेतला, घरमालकिणीला दोनदा बजावलं की पोरगी भोळी आहे, आणि जाताना रडली. मी नाही रडले. ती जिना उतरत असतानाच मी लॅपटॉप उघडला होता.

आमच्या क्लासमध्ये व्हिडिओ गेम बनवायला शिकवतात. वर्षभराचा कोर्स आहे. अकरा जण नोव्हेंबरपासूनच येतायत. एक जण सोडून गेला म्हणून मला जागा मिळाली, मी बारावी. चुलते विचारत होते, "खेळायला बी शिकवावं लागतं व्हय?" आप्पा म्हणाले, खेळायला नाही, खेळ करायला. आप्पांना एवढं कळलंय, हेच मला खूप वाटलं.

८ जानेवारी, बुधवार

प्रत्येकानं दोन आठवड्यांत एक छोटासा कच्चा खेळ तयार करायचा. त्याला प्रोटोटाइप म्हणतात. चित्रं चांगली नसली तरी चालतात, माणसाच्या जागी चौकोन असला तरी चालतो. खेळ हाताला कसा लागतो तेवढंच बघायचं. समर्थचा खेळ स्वारगेटचा चौक पायी ओलांडण्याचा आहे. तनुजाच्या खेळात झाडावरून पेरू पडतात, ते टोपलीत झेलायचे.

मी कल्याणीशेजारी बसले. ती इथलीच, वारज्याची. वडील पोस्टातून निवृत्त झालेत. तिनं न विचारता डब्यातली अर्धी पोळी माझ्यापुढे सरकवली.

एक गोष्ट लिहावीशी वाटत नाही, तरी लिहिते. राकेश सरांनी विचारलं, लॅपटॉप आहे का? मी म्हणाले, "हाय सर." समर्थनं मागून हळूच म्हटलं, "हाय हाय!" सगळे हसले. कल्याणी हसली नाही. मांजरीत आमच्या घरात सगळे असंच बोलतात, आणि मला आजवर ते कधी ऐकूच आलं नव्हतं.

१० जानेवारी, शुक्रवार

शुक्रवार अभिप्रायाचा. दुसऱ्याचा खेळ निदान अर्धा तास खेळायचा आणि मग तीन गोष्टी लिहायच्या: काय आवडलं, कुठे अडलो, काय बदलता येईल. नाव घालायचं नाही. सर सगळ्या चिठ्ठ्या छापून वाटतात, आणि ज्याचा खेळ असेल त्यानं त्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायच्या.

मी तनुजाच्या खेळावर मन लावून लिहिलं. टोपली डावीकडे जरा उशिरा सरकते, वगैरे. तिनं ते वाचलं आणि पुढची चिठ्ठी घेतली. पुढच्या चिठ्ठीत होतं: "पेरू झेलण्यापेक्षा पेरू होणं जास्त सुखाचं वाटलं." वर्ग हसून लोळला, तनुजासुद्धा हसली. नाव नसलं तरी ती समर्थची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सर तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "अभिप्राय म्हणजे टोमणा नव्हे. तो वाचून समोरच्याला उद्या सकाळी उठून पुन्हा कामाला बसावंसं वाटलं पाहिजे."

पटलं. पण घरी येताना माझ्या डोक्यात सरांचं वाक्य नव्हतं, पेरूचं होतं. कसं सुचतं यांना इतकं नेमकं? आणि इतक्या थोडक्यात?

१७ जानेवारी, शुक्रवार

आज मी पुणेकर झाले!

कल्याणीच्या खेळाची पाळी होती. एक खोली आहे, खिडकी आहे, खुर्चीत एक म्हातारा बसलेला. त्याला बोलता येत नाही, उजवा हात हलत नाही. तो डोळ्यांनी आणि डाव्या हाताच्या बोटांनी काहीतरी सांगतो आणि आपण ओळखायचं, की पाणी हवंय, खिडकी उघडायची आहे, की पेपर वाचून दाखवायचाय. चूक झाली की तो डोळे मिटून घेतो, आणि त्यानं डोळे उघडेपर्यंत आपण थांबायचं. बाकी काही नाही. गुण नाहीत, घड्याळ नाही, शेवटही नाही.

मी चार मिनिटं खेळले. मग एक वाक्य सुचलं आणि ते निसटू नये म्हणून खेळ बंद करून आधी ते टाइप केलं.

"आजोबांनी वेळेवर मरावे. खेळणाऱ्यास ताटकळत ठेवू नये."

अगदी दारावरच्या पुणेरी पाटीसारखं! कल्याणीनं ते मोठ्यानं वाचलं. आणि असा हशा उठला की शेजारच्या वर्गातला मुलगा डोकावून गेला. सर म्हणाले पुरे, पुढची वाच. कल्याणीही जराशी हसली, चिठ्ठीची घडी घातली आणि पुढची वाचली. मी सगळ्यांबरोबर हसत होते. हे वाक्य मांजरीच्या मुलीचं आहे असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

२० जानेवारी, सोमवार

जेवताना कल्याणी म्हणाली, त्या सगळ्या चिठ्ठ्यांत एकच तिनं जपून ठेवली आहे. तिच्यात लिहिलं होतं की खिडकी उघडल्यावर उजेड आधी म्हाताऱ्याच्या हातावर पडतो आणि मग तोंडावर, हे फार छान झालंय. तो उजेड तिनं तीन दिवस बसून केला होता. मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "तूच लिहिलंस ना? मला वाटलंच. तूच इतकं नीट बघतेस."

मी खिडकी उघडलीच नव्हती. तिथवर पोचलेच नव्हते.

मी नाही म्हटलं नाही. पोळीचा घास तोंडात होता, मान हलली. 'हो' म्हटल्यासारखीच हलली.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज फार वाईट झालं.

कल्याणी वर्गात उभी राहिली. कागदासारखी पांढरी पडली होती. म्हणाली, तो खेळ तिच्या वडिलांवर आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला, बोलणं गेलं, एक बाजू गेली. डोकं मात्र लख्ख. तिचा प्रत्येक खेळ आधी तेच खेळायचे, डाव्या हातानं. चिठ्ठ्याही त्यांना बघायच्या असत. ती 'वेळेवर मरावे'ची चिठ्ठी तिनं काढून घेतली होती, पण ती आंघोळीला गेली असताना खुर्चीला टांगलेल्या दप्तरातून चिठ्ठी पडली असावी. बाहेर आली तेव्हा चिठ्ठी त्यांच्या मांडीवर होती, उलगडलेली.

त्या दिवसापासून, म्हणजे मंगळवारपासून, ते पाणी घेत नाहीत. चमचा ओठांना लावला की तोंड मिटून घेतात. पेजही नाही. दवाखान्यात सलाईन लावलंय.

सरांनी विचारलं, कुणी लिहिलं? सगळ्यांच्या माना समर्थकडे वळल्या. माझीही वळली. तो उठून म्हणाला, "शप्पथ, मी नाही. मी त्या खिडकीच्या उजेडाबद्दल लिहिलं होतं."

कल्याणी म्हणाली, "ते ऋतुजानं लिहिलंय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मला एवढंच म्हणायचं होतं, की तो खरं बोलतोय. इतकंच. मी टेबलावरच्या कीबोर्डकडे बघत राहिले.

२६ जानेवारी, रविवार

घरी गेले होते. आई म्हणाली, तोंड का उतरलंय? म्हटलं, झोप नीट होत नाही.

खरं काय ते इथे तरी लिहिते. कल्याणीच्या खेळाच्या पहिल्या पडद्यावर बारीक अक्षरात होतं, 'माझ्या बाबांसाठी'. मी ते वाचलं होतं. वाचून पुढे गेले होते. सतरा तारखेला इथे एवढं सगळं लिहिलं आणि नेमकं तेवढंच लिहिलं नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

काल दुपारी कल्याणीचे वडील गेले. भीमराव त्यांचं नाव. मला आज कळलं. इतके दिवस मला त्यांचं नावही माहीत नव्हतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज त्यांच्याकडे जलदान विधी होता. आम्ही वर्गातले सहा जण गेलो. पांढरी चादर, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो आणि खाली भीमरावांचा, पोस्टाच्या खाकी कपड्यातला. भन्तेजी पाली गाथा म्हणत होते आणि घरची माणसं एका भांड्यात पाणी ओतत होती. ते भांडं भरून ओसंडेपर्यंत पाणी ओतत राहतात. माझी नजर त्या पाण्यावरून हटेना.

खोली तीच होती. खेळातली. खिडकी उजवीकडे, खुर्ची तिच्याकडे तोंड करून. सकाळचा उजेड हातावर पडेल अशी ठेवलेली.

समर्थही आला होता. पांढरा सदरा इस्त्री करून. कल्याणीचा मामा दारात गेला आणि त्याच्याशी हळू आवाजात काही बोलला. समर्थनं वाद घातला नाही. चपला काढलेल्या होत्या, त्या पुन्हा घातल्या आणि खाली जाऊन गेटपाशी उभा राहिला. विधी संपेपर्यंत उन्हात उभा होता. खिडकीतून मला तो सगळा वेळ दिसत होता.

कल्याणीच्या आईनं, सुंदराबाईंनी, माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "तूच ना गं, त्या उजेडाचं लिहिणारी? ते वाचून दाखवलं तेव्हा हसले होते. अर्धंच तोंड हसायचं त्यांचं." मग म्हणाल्या, "दुसरं ज्यानं लिहिलं त्याला मी शाप देत नाही. त्याला काय ठाऊक, आपला माणूस खरा आहे ते."

त्यांनी मला पाण्याचा पेला दिला. मी तो धरून बसले. पाणी प्यायलं गेलं नाही. तसाच कोपऱ्यात ठेवून आले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

समर्थचा खेळ पुन्हा तपासायचा होता. त्याच्या खेळावर आता कुणी चिठ्ठी लिहीत नाही, म्हणून सरांनी मला सांगितलं. मी ठरवलं, पूर्ण अर्धा तास खेळायचा.

स्वारगेटचा चौक. बस म्हणजे लाल आयत, रिक्षा म्हणजे काळे-पिवळे चौकोन. दुभाजकावर एक खुर्ची होती. खुर्चीत कुणीतरी पाठमोरं बसलेलं. मला वाटलं, नवीन काही घातलं असेल. समर्थला विचारलं, त्या खुर्चीचं काय काम? त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाला, "आता माझीच चेष्टा कर." त्याच्या पडद्यावर खुर्ची नव्हती. मी माझ्या पडद्याचा फोटो काढला. फोटोत नुसत्या बस.

पण पडद्यावर ती होती. बस तिच्या दोन्ही बाजूंनी जात होत्या. माणूस हलत नव्हता. नुसता डाव्या हाताची बोटं हलवत होता.

मी अकरा मिनिटांत खेळ बंद केला. चिठ्ठीत 'चांगला आहे' एवढंच लिहिलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

तनुजाच्या खेळात झाडाखाली तीच खुर्ची. या वेळी पाठ नाही, एक बाजू दिसते. ओठांचा कोपरा ओघळलेला. पेरू पडतायत, त्यांच्या मांडीवर, खांद्यावर, ते हलत नाहीत. तनुजा म्हणाली, अगं टोपली हलव ना, सगळे खाली पडतायत. मी उठून बाहेर आले. भर दुपार, जिन्यात ऊन, खाली चहाची टपरी, माणसं. सगळं जसंच्या तसं होतं.

सरांना सांगावं असं वाटलं. काय सांगू? खुर्चीचं सांगायचं तर चिठ्ठीचंही सांगावं लागेल. सरांच्या दारापर्यंत गेले. त्यांनी मान वर करून विचारलं, काय गं? म्हटलं, काही नाही, सुट्टी हवी होती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सरांनी कल्याणीला लेखी तक्रार द्यायला सांगितलं आहे. दिली की समर्थचं नाव क्लासमधून कमी करतील. त्याचे वडील काल येऊन हात जोडून गेले म्हणे. समर्थ मला जिन्यात भेटला. टोमणा नाही, काही नाही. नुसतं विचारलं, "खिडकीचं तू का स्वतःचं म्हणून सांगितलंस?"

मी म्हटलं, मी नाही सांगितलं, तिनंच —

तो जिना उतरून गेला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी पेला तोंडाशी नेला आणि ओठ मिटले.

मी मिटले नाहीत. आपोआप मिटले. हातानं उघडायला गेले तर दात घट्ट. पाणी हनुवटीवरून गळ्यात, अंगावर. चार वेळा केलं. पोळी जाते, कोरडी. चहा नाही. पाणी नाही. संध्याकाळपर्यंत जीभ लाकडासारखी.

आईचा फोन आला. मी नुसतं हं हं केलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, घशात काही नाही. ताण असेल. चमच्यानं पाणी पाजायला त्यांची नर्स आली — चमचा बघितल्यावर माझ्या डोळ्यांतून — ती म्हणाली, अहो ताई, रडताय काय, पाणीच आहे.

सलाईन लावून घ्यायला उद्या बोलावलंय.

आवाज बसलाय. फुसफुस होते नुसती.

आता खेळ उघडावाच लागत नाही. लॅपटॉप बंद आहे, तरी काळ्या पडद्यात — समोरून. पूर्ण चेहरा. रागावले असते तर बरं झालं असतं. ते वाट बघतायत. मी ओळखावं म्हणून. बोटं हलतात, डोळे माझ्या तोंडाकडे. पाणी नको. खिडकी नको. मला माहीत आहे काय हवंय. पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी साडेदहा

आवाज गेला. पूर्ण. सरांना फोन लावला, ते हॅलो हॅलो म्हणत राहिले आणि त्यांनी ठेवून दिला.

उजव्या हाताला मुंग्या. मेसेज लिहायला गेले, बोट अक्षरावर टेकतच नाही. पेन मुठीत धरून लिहिता येतं. म्हणून इथे.

कल्याणी बारा वाजता तक्रार देणार. त्याआधी —

अकरा

दार वाजलं. कल्याणी. दोन दिवस वर्गात आले नाही म्हणून बघायला आली आहे. माझ्यासाठी मऊ भात आणलाय.

माझं तोंड बघून घाबरली. म्हणाली, एका बाजूला ओढल्यासारखं झालंय, थांब, रिक्षा बोलावते, आपण दवाखान्यात जाऊ. मी तिचा हात धरला. खाली बसवलं. वही दाखवली. लिहू दे म्हणून. तिला खुणा लगेच कळतात.

तक्रारीचा कागद तिच्या हातात. सही झालेली.

बसली आहे समोर. वही अजून माझ्याकडे धरली आहे, तिला अक्षरं दिसत नाहीत. म्हणते, सावकाश लिही, मी थांबते.

हात जड — खांद्यापासून — बोटं माझी वाटत नाहीत

मागची पानं दाखवावीत. उलटता येत नाहीत. आणि ती वाचेल ते सतरा तारखेचं, मी हसत होते ते — नको — आधी एक वाक्य. 'मी' हा शब्द आधी लिहायला पाहिजे. लिहिता येत नाही. अजून लाज वाटते. या क्षणाला सुद्धा. आधी समर्थला सोडवते. मग माझं. वरच्या ओळी डाव्या हातानं झाकून वही तिच्याकडे वळवते.

कल्याणी ती चिठ्ठी समर्थने लिहिली